मधल्या भट्टीची पाटी

मित्रांनो, पाटी म्हटले की तुम्हाला शाळेतली काळी पाटी आठवेल, किंवा दुकानावरची नावाची पाटी. मी त्यांतली कोणतीच नाही. मी एक जुनी मातीची पाटी आहे, तुमच्या तळहाताएवढी. माझ्यावर एकही अक्षर नाही. वरच्या अंगाला एक भोक आहे, त्यात सुतळी ओवलेली आहे. मला दोन बाजू आहेत. एक निळ्या झिलईची, गुळगुळीत, उजेडात चमकणारी. दुसरी नुसत्या भाजलेल्या मातीची, खरबरीत. माझे सगळे आयुष्य या दोन बाजूंत आहे, म्हणून त्या आधीच सांगून ठेवते.

मला आबांनी घडवले. आबा मातीच्या शिट्ट्या करायचे. चिमणीची शिट्टी, माशाची, बेडकाची, आणि कुणी हौसेने मागितली तर मागणाऱ्याच्याच नाकाची. आमच्या गल्लीच्या टोकाला भट्टीघर होते. लांबट खोली, वर पत्रा, एका भिंतीला ओळीने तीन भट्ट्या. ज्या क्रमाने बांधल्या त्या क्रमाने त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. उंचीने, रुंदीने तिघी अगदी सारख्या होत्या. गल्लीत मातीकाम करणारी पाचसहा घरे होती आणि या तीन भट्ट्या सगळ्यांच्या सामाईक होत्या. सामाईक म्हटल्यावर भांडणे आलीच. "मी आधी आलो", "माझं सामान सुकून कधीचं पडलंय", असे रोज चालायचे. एकदा दोघांनी एकाच भट्टीत दोन बाजूंनी सामान भरायला घेतले आणि मधोमध त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. त्या दिवशी आबांनी तीन पाट्या केल्या. मी मधलीची.

आधी मी ओला गोळा होते. मग लाटलेली पोळी झाले, मग सुरीने कापलेला चौकोन. सावलीत कितीतरी दिवस वाळले. आबा रोज मला गालाला लावून बघत. गार लागले की म्हणत, "अजून पाणी आहे पोटात." मातीच्या पोटात पाणी असताना ती भट्टीत गेली, तर त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट मिळेल तिकडून फुटते. एक वस्तू फुटली की तिचे तुकडे शेजारच्या चार वस्तू घेऊन जातात. म्हणून सुकण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. पुढे मी भट्टीत गेले. एक दिवस धग चढत गेली आणि नंतरचे दोन दिवस हळूहळू उतरत गेली. भट्टीत काहीही ठेवा, इवलीशी वाटी ठेवा की मांडीएवढी कुंडी, पेटवल्यापासून उघडेपर्यंत तीन दिवस. कमी नाही, जास्त नाही. आणि एकदा पेटलेली भट्टी मध्येच उघडायची नाही. गार वारा आत शिरला की आतले सगळे तडकते. हा नियमही आबांचाच होता.

माझे काम सोपे होते. गुळगुळीत बाजू बाहेर असेल तर भट्टी मोकळी आहे, या आणि सामान भरा. खरबरीत बाजू बाहेर असेल तर भट्टी रिकामी दिसली तरी राखून ठेवलेली आहे, हात लावू नका. पेटलेल्या भट्टीला पाटी लागत नसे. तिची धगच सांगायची.

रिकामी भट्टी राखून ठेवायची, हे सुरुवातीला कुणाच्या गळी उतरेना. कुंड्या करणारी मावशी तर कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली होती.

"आबा, भट्टी गार ठेवून तिच्यात काय लोणचं मुरवायचंय? माझ्या कुंड्या तयार आहेत. भरू दे की."

"आत्ता भरलीस तर ती तीन दिवस तुझी," आबा म्हणाले. "परवा त्या बाहुल्यावालीचा माल सुकतोय, आणि तिची गाडी शनिवारी जायचीय. परवा तिला भट्टी मिळाली नाही तर तिची गाडी जाईल. तुझी गाडी कधी आहे?"

"माझी कुठली गाडी? पुढल्या महिन्यात माळी येईल तेव्हा येईल."

"मग तू धाकटीत जा. ती गुरुवारी उघडेल."

मावशीने हिशेब मनात फिरवून बघितला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही पाटी भारी शिष्ट आहे हं." पण ती धाकटीत गेली. बाहुल्यांची गाडीही चुकली नाही. हळूहळू सगळ्यांना कळले की मध्येच थांबवता न येणारे काम हातात घेण्याआधी, आपल्या मागून कोण येणार आहे ते बघावे लागते. कधीकधी वाट बघत बसणे हेच भट्टीचे काम असते. मित्रांनो, ते काम माझे होते. मी वर्षानुवर्षे रिकाम्या जागा राखल्या. गल्लीचा माझ्यावर इतका विश्वास बसला, की भट्टीघरात येऊन "ही कुणाची?" असे विचारणे बंद झाले. विचारणे म्हणजे पाटीवर शंका घेणे, असेच लोकांना वाटू लागले. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

आबांची स्वतःची एक रीत होती. भट्टीतून निघालेली प्रत्येक शिट्टी ते आधी स्वतः वाजवायचे. पहिली फुंकर घडवणाऱ्याची. त्याआधी ती कुणाच्याही ओठाला लागायची नाही. शिट्टी हातात घेऊन ते म्हणत, "बोल बाई, काय म्हणणं आहे तुझं?" आणि फुंकत. गोड वाजली की मान हलवत. बसका आवाज आला की म्हणत, "हिला सर्दी झालीय," आणि ती बाजूला ठेवत. आमचे भट्टीघर सकाळी सकाळी असे नव्या आवाजांनी भरून जायचे.

मग एका वर्षी सर्दी आबांनाच झाली. निदान आधी सगळ्यांना तसेच वाटले. आवाज बसला तो बसलाच. त्यांची लेक त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. आबांच्या हाताखाली भट्टीघराचा क्रम तीच बघायची, मला टांगायची आणि उलटायचीही तीच. त्या वेळी तिला सातवा महिना होता. परत आल्यावर दोघे मधलीसमोरच्या बाकावर बसले. लेक बराच वेळ साडीच्या पदराशी चाळा करत होती.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही नीट ऐकलंत ना, आबा?"

"ऐकलं. कान ठीक आहेत माझे."

"गाठीसकट आवाजाची पेटीच काढणार. श्वासासाठी मानेला भोक ठेवतील. त्यानंतर बोलता येणार नाही. आणि," ती थांबली, "तोंडानं फुंकताही येणार नाही. वारा तिथून यायचाच नाही."

आबांनी मानेवरून एकदा हात फिरवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तारीख?"

"पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. पुढे ढकलू नका म्हणालेत. श्वासाची वाट अरुंद होत चाललीय."

"पोटातल्या बाळाला ऐकू येतं म्हणतात," आबा म्हणाले. "खरं आहे का गं ते?"

"सातव्या महिन्यात येतं. बाहेरचे आवाज कळतात त्याला."

"मग एक पक्षी करतो."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पक्षी करायला घेतला. असा पक्षी मी कधी पाहिला नव्हता. चांगला दोन ओंजळींएवढा. त्याच्या पोटात दोन पोकळ्या होत्या, एक मोठी, एक लहान. शेपटीकडून एकच फुंकर घातली की दोन आवाज एकदम निघावेत, एक खालचा आणि एक वरचा, आईपाशी पिल्लू असल्यासारखे. माती ओली असताना त्यांनी तो फुंकून बघितला. कच्चा आवाज घोगरा असतो, भाजून माती आक्रसली की तो वर चढतो आणि स्वच्छ होतो. म्हणून ओला पक्षी वाजला ते आबांनी मोजलेच नाही. "हे नुसतं घसा खाकरणं झालं," ते म्हणाले. "खरं बोलेल तो भट्टीतून आल्यावर. माझा आवाज तर बाळ पुरता ऐकणार नाही. माझी फुंकर तरी ऐकू दे."

पक्षी जाड होता. त्याचे बूड आणि मधली भिंत लवकर सुकेना. आबा रोज त्याला गालाला लावून बघत आणि मान हलवत. शेवटी लेकीने बोटांवर उलटे मोजायला घेतले. शनिवारी ऑपरेशन, म्हणजे शुक्रवारी दुपारी गाडी. शुक्रवारी सकाळी पक्षी बाहेर हवा, म्हणजे मंगळवारी सकाळी भट्टी पेटायला हवी. त्याआधी पेटवली तर पक्षी ओला, फुटणार. त्यानंतर पेटवली तर आबांची फुंकर गेलेली. पेटवायला ती एकच सकाळ होती. थोरली रविवारी पेटली होती आणि धाकटी सोमवारी पहाटे. मधली तेवढी सोमवारी दुपारी रिकामी होणार होती. दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत तिने फक्त वाट बघायची होती.

सोमवारी दुपारी मधलीतले सामान बाहेर निघाले. लेकीने मला खिळ्याला अडकवले, खरबरीत बाजू बाहेर. तिने मला हाताने चाचपून बघितले आणि पोटावर हात ठेवून सावकाश घरी गेली. इतक्या वर्षांत मी कितीतरी जणांसाठी जागा राखली होती. आबांसाठी राखायची ही माझी पहिलीच वेळ.

संध्याकाळ व्हायच्या आत जावई भट्टीघरात आला. हा आबांचा जावई घड्याळे दुरुस्त करायचा. बाजारात त्याचे खोक्याएवढे दुकान होते. मातीकामातले त्याला फारसे कळत नसे आणि त्याची त्याला जरा लाजही वाटायची. सासऱ्यांना राखेने ठसका लागतो, आणि उद्या सकाळी ते स्वतः पक्षी घेऊन येणार, म्हणून तो कुणालाही न सांगता झाडू घेऊन आला होता. त्याने जमीन झाडली, पाणी मारले, बाक पुसला. मधलीच्या तोंडावरची काजळी खरवडली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. माझ्या अंगावर बरीच धूळ होती. त्याने मला खिळ्यावरून उतरवले, खिशातले मऊ फडके काढले, जे तो घड्याळाच्या काचेला वापरायचा, आणि मला पुसले. आधी खरबरीत बाजू, मग गुळगुळीत. झिलई चमकू लागली. त्याला बरे वाटले. घड्याळवाल्याचा हात तो. घड्याळ पुसून झाले की त्याची चमकती तबकडी समोर करून ठेवायची, एवढेच त्या हाताला ठाऊक. त्याने मला खिळ्याला अडकवले. चमकती बाजू बाहेर.

आणि तो निघून गेला.

मित्रांनो, वाऱ्याची एक झुळूक आली असती तरी कदाचित मी वळले असते. पण जाताना त्याने दार लोटून घेतले होते, पुसलेल्या जमिनीवर धूळ येऊ नये म्हणून.

दिवेलागणीला कुंड्यावाली मावशी आली. ती स्वतःच्या लेकीच्या सासरी जाऊन महिनाभर राहिली होती आणि त्याच दुपारी परतली होती. आबांचे दुखणे तिच्या कानावर आले होते, पक्ष्याचे आले नव्हते. थोरली धगधगत होती, धाकटी धगधगत होती. मधली गार, आणि मी चकचकीत निळी. "अगंबाई, आज शिष्ट पाटी हसतेय," असे म्हणत तिने माझ्याखालून वाकून मधलीत कुंड्या भरल्या. वर्षभर केलेल्या, सगळ्याच्या सगळ्या. मग भट्टी पेटवली. तिने कुणाला विचारले नाही. आमच्याकडे कुणी विचारतच नसे.

सकाळी आबा आले. पक्षी फळीवर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मागे लेक, तिच्यामागे जावई. दारातच धग लागली आणि आबा थांबले. मधलीच्या आच बघायच्या भोकातून आतले सगळे लाल दिसत होते.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "मी खरबरीत लावली होती," ती म्हणाली. "आबा, मी स्वतः हात लावून बघितलं होतं."

जावयाने माझ्याकडे बघितले, मग बायकोकडे. "मी पुसली," तो म्हणाला. "काल. पुसून लावली. तिला दोन बाजू..." आणि तो मागे सरून भिंतीला टेकला.

मावशी बाकावरून उठली. सगळे समजायला तिला थोडा वेळ लागला. समजले तशी ती लाकडे ओढायचा लोखंडी आकडा घेऊन मधलीच्या तोंडाशी गेली. "विझवते. फुटू दे माझ्या कुंड्या. माती काय, परत मळीन मी."

"ठेव तो आकडा," आबा म्हणाले.

"आबा, वर्षात परत होतील कुंड्या. तुमचा शनिवार परत येणार आहे का?"

"विझवलीस तर भट्टी गार व्हायलाच दोन दिवस जातील. तुझंही फुटेल, माझंही राहील." आवाज इतका खोल गेला होता की मावशीला ऐकायला वाकावे लागले. "पेटलेली भट्टी उघडायची नाही. बस खाली. आच बघ तुझी, डावीकडून कमी आहे."

मग ते जावयाकडे वळले. तो भिंतीला टेकून उभा होता. आबा त्याला म्हणाले, "जमीन छान झाडलीयत हो, जावईबापू. आज ठसका नाही लागला." ते ऐकून जावयाने तोंड फिरवले.

शुक्रवारची दुपार आली. गाडी दाराशी उभी होती. आबा पुन्हा भट्टीघरात आले, पक्ष्याला भेटायला. तो माझ्यासमोरच्या बाकावर ठेवलेला होता, खडखडीत सुकलेला आणि कच्चा. लेक म्हणाली, "आबा, कच्चाच फुंका ना. जसा वाजेल तसा वाजू दे. इथे, माझ्याजवळ."

आबांनी पक्षी उचलला. ओठांजवळ नेला. लेक आणखी जवळ सरकली. मी त्यांच्यासमोर लटकत होते आणि मला वाटत होते की आता वाजेल. पण आबांनी शिट्टीच्या आतल्या पातळ कडेवरून अंगठा फिरवला. सगळा आवाज त्या कडेवरच ठरतो.

"कोरडी कच्ची माती आहे," ते म्हणाले. "फुंकरीच्या ओलीनं ही कड विरघळेल. आज माझ्यासाठी वाजेल, आणि मग बाळासाठी कधीच वाजणार नाही." त्यांनी तो खाली ठेवला. ठेवतानाही बुडाला धक्का लागू दिला नाही.

"भाजून ठेव," ते म्हणाले. भट्टीघरात ऐकलेले त्यांचे ते शेवटचे शब्द.

पक्षी पुढच्या मोकळ्या भट्टीत भाजला गेला. एकही तडा नाही, रंग मधासारखा. आबा परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याला पांढरे फडके बांधलेले होते. लेकीने पक्षी त्यांच्या हातात दिला. सवयीने त्यांनी तो ओठांना लावला. गाल फुगले. डोळे मिटले. छाती वर आली आणि खाली गेली. गळ्यावरचे फडके हलले. सगळी फुंकर तिथून निघून गेली. पक्षी गप्प राहिला.

त्यांनी तो लेकीपुढे धरला, तू फुंक म्हणून. तिने मान हलवली. पहिली फुंकर घडवणाऱ्याची, हे ती त्यांच्याच मांडीवर बसून शिकली होती. पक्षी तेव्हापासून घरातल्या फळीवर आहे. तो कसा बोलतो ते कुणालाही ठाऊक नाही.

मलाही त्याच दिवसांत खिळ्यावरून उतरवले. आता भट्ट्यांवर लाल आणि हिरवे दिवे लावले आहेत. त्यांना उलटी बाजू नसते. मी पक्ष्याशेजारी उभी असते. जावई रोज संध्याकाळी दुकानातून येतो, मला उचलतो, त्याच मऊ फडक्याने पुसतो आणि खरबरीत बाजू बाहेर करून ठेवतो. ठेवल्यावर पुन्हा एकदा बघतो. राखायला आता काही उरलेले नाही, हे त्याला माहीत आहे.

आबांची नात आता बोलू लागली आहे. परवा ती बापाच्या कडेवर बसून फळीपाशी आली आणि तिने माझ्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"पाटी आहे," जावई म्हणाला. "हिनं जागा राखून ठेवतात."

"कुणासाठी?"

जावयाने मान वळवून आबांकडे बघितले. आबा पलीकडे खाटेवर बसले होते. त्यांचे ओठ हलले. गळ्यावरचे फडके थोडे फडफडले आणि पुन्हा स्थिर झाले.

मित्रांनो, 'कुणासाठी?' हा एवढासा शब्द. त्या संध्याकाळी आमच्या भट्टीघरात कुणीही तो उच्चारला नाही, कारण सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता. तुम्हाला कुठे रिकामी जागा दिसली तर ती घेण्याआधी तेवढे विचारा. एखाद्याची वस्तू मायेने पुसायला घेतलीत, तर ती जशी होती तशीच परत ठेवा. आणि माझ्यासारख्या वस्तूंवर सगळा भार टाकू नका. आम्ही आमच्या जागी इमानाने लटकत राहतो, पण आम्हाला स्वतःहून वळता येत नाही.